पदक घडवणारी बाई आणि आपल्या गावची वीरपत्नी

२६ जानेवारी आली की ग्रामपंचायतीसमोर मांडव पडतो, शाळेची पोरं कवायत करतात आणि गावातल्या वीरपत्नीला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. सरपंच शाल-श्रीफळ देतात, फोटो निघतो, टाळ्या होतात. बारा वाजता मांडव उतरतो. त्यानंतर त्या बाईची आठवण होते ती थेट १५ ऑगस्टला. मधल्या काळात तिचा घरपट्टी माफीचा अर्ज कुठे पडला आहे, सातबारावर तिचं नाव लागलं की नाही, याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. शाल दिली की जबाबदारी फिटली, असा आपला सगळ्यांचा समज होऊन बसला आहे. हा समज मोडायला हवा. त्यासाठी आज एका बाईची हकिगत सांगतो. बाई जन्माने परदेशी, पण आडनाव आपल्या कोकणातलं.

सावित्रीबाई खानोलकर हे नाव पनवेल तालुक्यात दहा माणसांना विचारलं तर एखाद्याला माहीत असेल. परमवीर चक्र मात्र दहाही जणांना ठाऊक असतं. युद्धातल्या पराक्रमासाठी आपल्या देशात दिलं जाणारं हे सर्वात मोठं पदक. त्याची आखणी सावित्रीबाईंनी केली. त्यांचं मूळ नाव ईव्ह. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल गावी. वडील हंगेरीचे, आई रशियन. १९२९ साली विक्रम खानोलकर नावाच्या मराठी तरुणाशी त्यांची ओळख झाली. विक्रम तेव्हा इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होते. घरच्यांचा विरोध होता, तरी काही वर्षांनी ही मुलगी एकटी हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली दोघांचं लग्न झालं. ईव्हची सावित्री झाली.

नाव बदलणं सोपं. ही बाई त्यापुढे गेली. मराठी शिकली, हिंदी शिकली, संस्कृत शिकली. नवऱ्याची बदली होईल तिथे संसार मांडायचा आणि मिळेल तिथे अभ्यास करायचा, असा क्रम तिने ठेवला. वेद, उपनिषदं, पुराणं यांचा अभ्यास इतका झाला की स्वातंत्र्यानंतर नवीन शौर्यपदकं तयार करायची वेळ आली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम याच बाईंकडे सोपवलं. इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आपल्या मातीतलं पदक हवं होतं. सावित्रीबाईंनी इंद्राचं वज्र घेतलं. काशाच्या चकतीवर मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू झालं. पहिलं पदक मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला ते पडले. नशीब बघा, हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. ज्या हातांनी पदक आखलं, त्यांच्याच व्याह्यांच्या घरात ते पहिलं आलं.

वज्राची कथा आपल्याकडे कीर्तनातून घरोघर पोचलेली आहे. वृत्रासुराला मारायला दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्यांचं वज्र झालं. त्याग म्हटला की दधीची, हे पोरांनाही पाठ. पण शिवपुराणात दधीचींच्या पत्नीचीही गोष्ट आहे. तिचं नाव सुवर्चा. ऋषींनी देह ठेवला तेव्हा ती गरोदर होती. देव हाडं घेऊन गेले, ती मागे राहिली. दधीची सगळ्यांना माहीत आहेत, सुवर्चा किती जणांना माहीत आहे? आपल्या गावात आज तेच चाललं आहे. कमानीवर जवानाचं नाव आणि कमानीखालून जाणाऱ्या त्याच्या बायकोची कुणाला ओळख नाही.

आजवर परमवीर चक्र २१ जणांना मिळालं. त्यांतली १४ पदकं मरणोत्तर आहेत. म्हणजे चौदा वेळा ते कुणाच्या तरी आईने, बापाने, बायकोने हातात घेतलं. हे पदक जितकं जवानाचं, तितकंच मागे राहिलेल्या घराचं आहे.

वीस वर्षांचा संसार, अडतीस वर्षांचं वैधव्य

१९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे त्या २६ नोव्हेंबर १९९० पर्यंत जगल्या. हिशेब मांडा. संसार वीस वर्षांचा आणि वैधव्य अडतीस वर्षांचं. आपण लष्करातल्या माणसाच्या बायकोचा विचार करतो तो त्या वीस वर्षांपुरता आणि अंत्ययात्रेच्या एका दिवसापुरता. उरलेली अडतीस वर्षं तिने एकटीने काढायची असतात, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

सावित्रीबाईंनी ती रडत काढली नाहीत. त्यांचा ओढा अध्यात्माकडे होता, त्या रामकृष्ण मठाकडे वळल्या. पण जगाकडे पाठ केली नाही. फाळणीत घरदार गमावलेले निर्वासित, सैनिकांची कुटुंबं आणि युद्धात विधवा झालेल्या बायका यांच्यासाठी त्या काम करत राहिल्या. नवरा हयात असताना सुरू केलेलं काम नवऱ्यामागे सोडलं नाही. आणि लिहिलं. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केलं. संस्कृत नावांचा कोशही त्यांनी केला. स्वित्झर्लंडात जन्मलेली बाई आपल्या ज्ञानोबा-तुकोबांची ओळख इंग्रजी वाचणाऱ्यांना करून देते, ही साधी गोष्ट नाही.

इथे कुणी म्हणेल, ती जनरलची बायको होती. शिकलेली, जगाची हवा खाल्लेली. आमच्या गावच्या शिपायाच्या बायकोची तिच्याशी काय बरोबरी? बोलणं खरं आहे, आणि मुद्दाही तोच आहे. सावित्रीबाईंच्या हाताशी शिक्षण होतं, ओळखी होत्या, म्हणून त्यांना नवऱ्यामागे स्वतःचं काम उभं करता आलं. शिपायाच्या, नाईकाच्या, हवालदाराच्या बायकोकडे यातलं काही नसतं. पंचविशीत कपाळ मोकळं होतं, पदरात दोन पोरं असतात, सासरची जमीन सामाईक असते. तिच्याकडे ओळख म्हणावी तर गावची ग्रामपंचायत आणि तलाठी चावडी. तिथून तिला हात मिळाला तर ती उभी राहील.

रायगडाला हे सांगायला नको

सैन्य ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला लोक फौजी आंबवडे म्हणतात, कारण पिढ्यान् पिढ्या तिथले तरुण पलटणीत जात आले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात लढले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात उभा आहे. आपल्या पनवेल तालुक्यात शिरढोण हे वासुदेव बळवंतांचं जन्मगाव. शेजारच्या उरणात १९३० सालचा चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला, १९८४ साली जासईच्या आंदोलनात जमिनीसाठी शेतकऱ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या. हुतात्मा हा शब्द या मुलखाला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. दरवर्षी आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, ते केलंच पाहिजे. पण हुतात्म्याच्या घरात मागे कोण राहिलं, त्यांची चूल कशी पेटली, हे विचारायची पद्धत आपण पाडली नाही. जवानाच्या घराबाबत तरी ती पाडू या.

आणखी एक गोष्ट. सैनिकाची विधवा म्हटलं की आपल्यासमोर फक्त लढाईत पडलेल्या जवानाची बायको येते. पण पंधरा-वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला आणि पुढे आजारपणात, अपघातात गेलेला शिपाई गावोगाव असतो. त्याच्या बायकोसाठी कमान नाही, शाल नाही. कागदपत्रांचा त्रास मात्र तिला तितकाच.

कागदात अडकलेला मान

हा त्रास काय असतो ते जरा बघू. जवान लढाईत पडला तर बायकोला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते त्याच्या शेवटच्या पगाराइतकं असतं. सेवेमुळे ओढवलेल्या इतर मृत्यूत विशेष कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या ६० टक्के, आणि साधं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं गेलं, यावर बाईचं उभं आयुष्य ठरतं. त्यातून लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद जवानाच्या सेवापुस्तकात झालेली असावी लागते. ती राहून गेली असेल, किंवा शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं आणि पलटणीच्या कागदावर माहेरचं तिसरंच असेल, तर फाईल अडली म्हणून समजा. आता लष्कराचं निवृत्तिवेतन स्पर्श नावाच्या संगणक प्रणालीवर आलं आहे. दरवर्षी हयातीचा दाखला त्यात भरावा लागतो. म्हाताऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेल्या असतील तर यंत्र तिला ओळखत नाही. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं तर ते अलिबागला. पनवेलच्या खेड्यातून पेण, वडखळ करत एक दिवस जायचा, मजुरी बुडवायची, आणि तिथे कळायचं की गावचा एक दाखला कमी आहे.

हा गावचा दाखला आपल्या हातातला आहे, म्हणून हे इथे लिहितो. दिल्लीचं दिल्ली बघेल. वारस नोंद, मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, राहत्या घराचा उतारा ही कामं गावातच होतात. ग्रामसेवक आणि तलाठी यांची पदनामं सरकारने आता बदलली असली तरी लोकांच्या तोंडी तीच नावं आहेत आणि कामंही तीच आहेत. नवरा गेलेल्या बाईने तीन वेळा चावडीवर यायचं आणि तिन्ही वेळा भाऊसाहेब मीटिंगला गेलेले असायचे, हे चित्र बदलायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

घरपट्टीचंच घ्या. २०२० साली राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करातून सूट दिली. योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. ती ग्रामपंचायतींना लागू आहे, तशीच शहरांनाही. पनवेल महापालिका २०१६ साली झाली आणि आसपासची बरीच गावं तिच्यात गेली, तिथल्या बायकांनाही ही सूट मागता येते. सूट एका घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. आता विचारा, आपल्या ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत किती घरांपुढे ही सूट लिहिली गेली आहे? गावात सैनिकाची विधवा कोण, हे शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. मग तिने अर्ज घेऊन यायची वाट का बघायची? ग्रामपंचायतीनेच तिच्या दारी जाऊन अर्ज भरून घ्यावा.

जमिनीचं दुसरं उदाहरण. शहीद जवानाच्या पत्नीला किंवा कायदेशीर वारसाला शेतीयोग्य २ हेक्टर सरकारी जमीन देण्याचा निर्णय राज्याने २०१८ साली घेतला. पनवेलसारख्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव. तिथे कसण्याजोगी सरकारी जमीन शोधून बाईच्या नावावर करायची तर महसूल खात्याने मनापासून हलायला हवं. शेतकऱ्याला सांगायला नको, की जमिनीचा निर्णय कागदावर होतो आणि ताबा बांधावर मिळतो. बांधापर्यंत बाईबरोबर कोण जाणार?

सरकारी नोकर दर ७ डिसेंबरच्या सुमारास ध्वजदिन निधी गोळा करतात. १९४९ पासूनची ही प्रथा. निधी देणारे आपण, गोळा करणारे आपण. पण त्यातून चालणाऱ्या योजना आपल्याच गावच्या विधवेला कुणी समजावून सांगत नाही. पैसे गोळा करताना जितकी तत्परता दाखवतो, तितकी हे समजावताना का नसावी?

कुंकू आणि तिरंगा

आता जरा कडू बोलायचं आहे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते त्या दिवशी बायकोला वीरपत्नी म्हणतात, पुढाऱ्यांची रांग लागते. त्याच दिवशी घरातल्या आणि भावकीतल्या बायका तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. वर्षाच्या आत ती हळदीकुंकवाला नको, लग्नात पुढे नको, पेरणीच्या नारळाला नको. सकाळी वीरपत्नी आणि संध्याकाळी अपशकुनी, हे कसलं न्यायाचं वागणं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून विधवांच्या या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास खात्याने हेरवाडचा कित्ता गिरवा, असं सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं. ठरावाने मनं बदलत नाहीत, असं म्हणणारे भेटतील. मनं हळूहळू बदलतात, मान्य. पण ठराव झाला की ज्या बाईला बांगड्या फोडून घ्यायच्या नाहीत, तिच्या पाठीशी गाव उभं आहे एवढं तरी तिला सांगता येतं.

पैशाचा वादही लपवून चालणार नाही. मदतीची रक्कम आली की घरात दोन चुली होतात. सासू-सासऱ्यांना वाटतं, पोरगा आमचा गेला. सुनेला वाटतं, पोरं माझ्या पदरात आहेत. दोघांचंही दुःख खरं आहे. म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडू नये, हे सुनेने समजावं. पण पेन्शन घरात राहावी म्हणून कोवळ्या सुनेला दिराच्या गळ्यात बांधायचं, हा मार्ग नव्हे. लष्कराच्या जुन्या नियमातही असंच होतं. शौर्यपदकाबरोबरचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू ठेवायचा तर बाईने दिराशीच लग्न केलेलं असावं, अशी अट होती. संरक्षण खात्याने २०१७ साली ती काढून टाकली. सरकारी नियम बदलला, आता भावकीचा नियम बदलायला काय हरकत आहे?

तिला काम द्या, तिचं ऐका

सावित्रीबाईंकडून घ्यायची शेवटची गोष्ट म्हणजे काम. विधवेला दया दाखवली की ती कोपऱ्यात बसते, काम दिलं की ती उठते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरांच्या आई असताना लष्कराच्या परीक्षेला बसल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अधिकारी झाल्या. मेजर कौस्तुभ राणे २०१८ साली काश्मीरमध्ये गुरेझला पडले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनीही २०२० साली तोच गणवेश अंगावर चढवला. कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये शहीद झाले, तेव्हा त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी लेखणी हातात घेतली आणि सैन्यावर मराठीत पुस्तकं लिहून ती तरुणांपर्यंत पोचवली.

सगळ्यांना अधिकारी होता येणार नाही, सगळ्यांना पुस्तक लिहिता येणार नाही. पण गावच्या वीरपत्नीकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. पलटणीतून आलेली पत्रं ट्रंकेत असतात, बदलीच्या गावांची नावं तोंडी असतात. आपल्या गावातून पलटणीत कोण कोण गेलं, कुठल्या लढाईत होतं, कोण परत आलं नाही, याची नीट लिहिलेली वही किती गावांत आहे? शाळेच्या गुरुजींनी मुलांना तिच्याकडे बसवावं, ती सांगेल ते मुलांनी लिहून घ्यावं आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. रेशन समिती, शाळा समिती, ग्राम दक्षता समिती यांवर तिला घ्यावं. दुसऱ्या बाईवर तीच वेळ आली तर कुठला कागद कुठे द्यायचा, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? सावित्रीबाई त्यांच्या पायरीवरून जे करत होत्या, ते आपली वीरपत्नी तिच्या पायरीवरून करू शकते. तिला कुणी विचारलं पाहिजे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या ग्रामसभेत चार कामं करा. गावातले आजी-माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांची यादी वाचून दाखवा. प्रत्येकीच्या वारस नोंदीचं आणि घरपट्टी सवलतीचं काय झालं, ते नावानिशी सांगा. हेरवाडसारखा ठराव मांडा. आणि महिन्यातून एक दिवस ठरवून गावचा एक जाणता माणूस तिचे कागद घेऊन अलिबागला पाठवा, म्हणजे तिची मजुरी बुडणार नाही. शेतकरी बंधूंनो, अधिकारी हे करत नसतील तर ग्रामसभेत उभे राहून विचारायचा हक्क तुमचा आहे. शाल-श्रीफळ पुढच्या २६ जानेवारीला जरूर द्या, पण त्याआधी तिचा दाखला द्या.